झाड, मेणबत्ती आणि विमापत्र : सणाच्या आगीचा हिशेब

१/
शिकागो, ३० डिसेंबर १९०३. नाताळ होऊन पाच दिवस झालेले, शाळांना सुट्टी. इरोक्वॉय नावाच्या नव्याकोऱ्या नाट्यगृहात दुपारचा खेळ होता आणि प्रेक्षकांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. नाट्यगृह उघडून जेमतेम पाच आठवडे झाले होते. जाहिरातींत त्याचे वर्णन ‘संपूर्ण अग्निरोधक’ असे केले जाई. रंगमंचावरील एका आर्क दिव्याजवळचा पडदा पेटला. पुढच्या काही मिनिटांत सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

२/
इमारत मात्र उभी राहिली. भिंती व छत शाबूत होते. आतील सजावट जळाली, तिची दुरुस्ती झाली आणि पुढच्याच वर्षी त्याच वास्तूत दुसऱ्या नावाने खेळ सुरू झाले. केवळ मालमत्तेच्या हिशेबाने पाहिले तर ‘अग्निरोधक’ हा शब्द अगदीच खोटा नव्हता. हा हिशेब कोणी मांडला, कोणासाठी मांडला आणि सणासुदीच्या दिवसांत घर सुरक्षित ठेवण्याच्या आजच्या नियमांत त्याचा वाटा किती, त्याची ही हकिगत.

३/
आरंभ लंडनमध्ये होतो. सप्टेंबर १६६६ मध्ये पुडिंग लेनमधील एका भटारखान्यातून निघालेली आग चार दिवस शहर जाळत राहिली. सुमारे १३,२०० घरे आणि ८७ चर्च नष्ट झाली. घर जळाले तर ते पुन्हा बांधण्याचा खर्च कोण देणार, या प्रश्नाला तोवर एकच उत्तर होते : ज्याचे घर, तोच. नातलग, धर्मसंस्था आणि चर्चमधून गोळा होणारी वर्गणी एवढाच काय तो आधार. हजारो कुटुंबे एकाच वेळी उघड्यावर आल्यावर तो आधार पुरणे शक्य नव्हते.

४/
ही निकड ओळखली निकोलस बार्बन याने. पेशाने वैद्य, पण खरा व्यवसाय घरे बांधून विकण्याचा. १६८० च्या सुमारास त्याने घरांचा अग्निविमा उतरवणारे कार्यालय सुरू केले. विटांच्या घराला वार्षिक भाड्याच्या अडीच टक्के हप्ता, लाकडी घराला पाच टक्के. हे दोन आकडे बारकाईने पाहण्यासारखे आहेत. लाकडात राहायचे असेल तर दुप्पट मोजा, असे कोणत्याही राजाज्ञेविना सांगणारी ही पहिली ठळक व्यवस्था होती. धोक्याला किंमत लागली, आणि ती घराच्या भिंतींवरून ठरू लागली.

५/
त्या काळातील विमा कंपन्या विमा उतरवलेल्या घरावर धातूचा पत्रा ठोकत. त्यावर कंपनीचे चिन्ह असे. कंपन्यांची स्वतःची बंबपथकेही होती. येथूनच एक लोकप्रिय कथा जन्मली : पत्रा नसेल तर पथक घर जळू देई. इतिहासकार या कथेकडे संशयाने पाहतात, आणि त्यामागचे कारण साधे आहे. दाट वस्तीत विमा नसलेले घर जळू देणे म्हणजे शेजारच्या विमा असलेल्या घराला आग लावण्यासारखेच. स्वार्थ पाहिला तरी आग विझवणेच कंपनीला परवडणारे होते.

६/
आता अटलांटिक ओलांडू. १७५२ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियात परस्पर सहकार्यावर चालणारी अग्निविमा संस्था काढली. तिच्या पत्र्यावर एकमेकांत गुंफलेले हात होते. १७८१ मध्ये या संस्थेने एक चमत्कारिक वाटणारा ठराव केला : ज्यांच्या घरासमोर झाड आहे, त्यांचा विमा उतरवायचा नाही. झाडामुळे बंबाचे पाणी घरापर्यंत पोहोचण्यास अडथळा होतो आणि झाडावर वीज पडण्याचे भय असते, हा त्यामागचा विचार.

७/
शहरातील अनेकांना झाडे तोडणे मान्य नव्हते. त्यांनी १७८४ मध्ये दुसरी संस्था स्थापन केली. तिच्या पत्र्यावर चिन्ह होते एका झाडाचे. लोक तिला ‘ग्रीन ट्री’ या नावानेच ओळखू लागले. झाडासकट घराची जोखीम घ्यायची, फक्त त्या झाडाची छाटणी व्हावी आणि हप्ता थोडा जास्त असावा, अशी ही तडजोड होती. ‘धोका असेल तर विमा नाही’ आणि ‘धोका असेल तर अट व किंमत’ या दोन भूमिकांतील संघर्ष येथे प्रथम स्पष्ट दिसतो. पुढच्या शतकात झाड घराबाहेरून घरात आले आणि संघर्ष अधिक तीव्र झाला.

८/
नाताळचे सजवलेले झाड ही जर्मन भाषक प्रदेशातील प्रथा. मार्टिन लूथरने तारे पाहून झाडावर पहिल्या मेणबत्त्या लावल्या, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. तिला समकालीन पुरावा नाही. इंग्रजी भाषक जगात झाड घरोघरी पोहोचवण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात एका चित्राला जाते. डिसेंबर १८४८ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाने राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट आणि त्यांची मुले झाडाभोवती उभी असल्याचे चित्र छापले. दोन वर्षांनी त्याची थोडीफार बदललेली आवृत्ती अमेरिकेत प्रसिद्ध झाली. राजघराण्यातील प्रथा मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात उतरली.

९/
तिच्यासोबत मेणबत्त्याही उतरल्या. सूचिपर्णी झाडात राळ असते. तोडल्यानंतर त्याच्या पानांतील ओलावा दिवसागणिक कमी होत जातो, आणि तापवलेल्या खोलीत तर तो झपाट्याने उडतो. आठवडाभर जुने झाड म्हणजे राळेत भिजवलेला बारीक काड्यांचा भारा. त्यावर कापसाचा ‘बर्फ’, कागदी फुले आणि डझनभर उघड्या ज्योती. जाणत्या घरांत मेणबत्त्या वर्षातून एकदाच, काही मिनिटांसाठी पेटवत. सारे कुटुंब समोर बसून झाड पाही आणि कोपऱ्यात पाण्याची बादली, काठीला बांधलेला ओला स्पंज तयार असे. ती बादली हाच सणाचा खरा विमा होता.

१०/
झाड पेटलेच तर विमा कंपनी पैसे देई का? यासाठी कायद्याकडे वळावे लागते. १८१६ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात ‘ऑस्टिन विरुद्ध ड्रू’ हा खटला निकाली निघाला. साखर शुद्ध करणाऱ्या कारखान्यात धुराड्याची झडप चुकून बंद राहिली. उष्णता आणि धूर आत कोंडून साखर बिघडली. आग मात्र आपल्या जागी, भट्टीतच होती. न्यायालयाने भरपाई नाकारली. पुढे अमेरिकन न्यायालयांत यासाठी मोठी बोलकी परिभाषा रूढ झाली : चुलीत, दिव्यात, वातीवर असते ती ‘मित्र आग’, जागा सोडून बाहेर पडते ती ‘शत्रू आग’. विमा शत्रू आगीचा.

११/
या कसोटीवर मेणबत्ती वातीवर जळते तोवर मित्र. फांदीने पेट घेतला की ती शत्रू. म्हणजे झाडामुळे लागलेल्या आगीची भरपाई मिळणे तत्त्वतः शक्य होते. ‘पण सुक्या झाडावर मेणबत्ती लावणे हा निष्काळजीपणा नव्हे काय?’ असा प्रश्न येथे येतो. त्यावर इंग्रजी व अमेरिकन कायद्याची भूमिका सामान्यतः अशी राहिली की, अग्निविमा मुळातच माणसाच्या चुकांसाठी असतो. जाणूनबुजून लावलेली आग वगळली जाते; विसराळूपणा किंवा हलगर्जी वगळली जात नाही. तसे नसते तर विम्याला अर्थच उरला नसता, कारण घरातील बहुतेक आगींमागे कोणाची तरी चूक असतेच.

१२/
या एका तत्त्वाचा परिणाम दूरगामी झाला. निष्काळजीपणाचे पैसे द्यावेच लागणार असतील, तर कंपनीपुढे दोनच मार्ग उरतात : हप्ता वाढवत राहणे किंवा निष्काळजीपणा कमी करणे. ऑक्टोबर १८७१ मधील शिकागोच्या महाआगीने पहिल्या मार्गाची मर्यादा दाखवून दिली होती. सतरा हजारांहून अधिक इमारती जळाल्या, सुमारे एक लाख माणसे बेघर झाली आणि दावे चुकवता चुकवता कित्येक विमा कंपन्याच बुडाल्या. हातात विमापत्र असूनही असंख्य कुटुंबांना पुरती रक्कम मिळाली नाही. कंपन्या दुसऱ्या मार्गाकडे वळल्या त्या परोपकारासाठी नव्हे, जगण्यासाठी.

१३/
त्याच सुमारास विजेचा दिवा अवतरला. २२ डिसेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने आपल्या घरातील झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० छोटे दिवे लावले. झाड एका यंत्रावर सावकाश फिरत होते. एका वार्ताहराने त्याचे रसभरित वर्णन डेट्रॉईटच्या वृत्तपत्राला पाठवले. ज्योतीविना उजळलेले झाड ही जॉन्सनची घरगुती हौस होती, तशीच ती एडिसनच्या कंपनीची जाहिरातही होती.

१४/
पण वीज म्हणजे आपोआप सुरक्षितता नव्हे. तारांवरील आवरण कापडाचे, जोडणी हाताने केलेली, काम करणारा कारागीर शिकाऊ. उघडी ज्योत निदान दिसते. भिंतीआड तापणारी तार दिसत नाही. १८९३ मध्ये शिकागोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनात हजारो दिव्यांचा झगमगाट होता आणि तेथील विमा कंपन्यांची झोप उडाली होती. विल्यम मेरिल हा तरुण विद्युत अभियंता तारांची तपासणी करण्यासाठी त्यांच्याकडून तेथे आला.

१५/
मेरिलच्या लक्षात आले की, प्रत्येक घरात जाऊन तार तपासणे अशक्य आहे. तारच कारखान्यातून निघताना तपासली पाहिजे. १८९४ मध्ये त्याने अवघ्या ३५० डॉलरच्या उपकरणांवर एक प्रयोगशाळा उभी केली. पैसा विमा कंपन्यांचा होता. १९०१ मध्ये ती ‘अंडररायटर्स लॅबोरेटरीज’ या नावाने नोंदली गेली. अंडररायटर म्हणजे जोखीम पारखून विमा स्वीकारणारा. अमेरिकेतील विजेच्या वस्तूंवर दिसणाऱ्या ‘यूएल’ या शिक्क्यातील पहिले अक्षर म्हणजे हाच विमेवाला.

१६/
याच दशकात, १८९६ मध्ये, अग्निसुरक्षेचे नियम ठरवणारी राष्ट्रीय संघटना अमेरिकेत स्थापन झाली. तिच्यामागेही विमा क्षेत्रातील मंडळीच होती. १८९७ मध्ये विजेच्या जोडणीची राष्ट्रीय नियमावली आली. १९०३ च्या सुमारास दिव्यांच्या तयार माळा दुकानांत येऊ लागल्या आणि १९०५ पासून मेरिलच्या प्रयोगशाळेने नाताळच्या दिव्यांची तपासणी सुरू केली. सणापूर्वी कापसाचा बर्फ व उघड्या मेणबत्त्या टाळण्याचे इशारेही विमा मंडळांकडून निघू लागले. फिलाडेल्फियाचा ‘ग्रीन ट्री’ तोडगा येथे पूर्णत्वास गेला : झाड राहू द्या, आग बदला.

१७/
मात्र सुरक्षिततेचे वाटप समान नव्हते. तयार माळ सुरुवातीला श्रीमंतांनाच परवडे, आणि ती लावण्यासाठी घरात वीज असावी लागे. चाळवजा इमारतींत राहणारी भाडेकरू कुटुंबे आणखी कित्येक वर्षे मेणबत्त्याच लावत राहिली. इमारतीचा विमा घरमालकाचा. भाडेकरूचे अंथरूण, कपडे, भांडी कोणाच्याच खात्यात नव्हती. ज्याच्या घरात धोका अधिक, त्याच्याच हाती विमापत्र नव्हते.

१८/
अशा काळात इरोक्वॉय नाट्यगृह पेटले. तेथे काय काय चुकले होते? आगीपासून संरक्षण देणारा पडदा अर्ध्यावरच अडकला. बाहेर पडण्याचे कित्येक दरवाजे पडद्यांमागे दडलेले किंवा कुलूपबंद होते. काही दरवाजे आतल्या बाजूला उघडणारे, त्यामुळे गर्दीचा रेटा आला की ते उघडणेच अशक्य. इमारत जळू नये याची काळजी घेतली गेली होती; माणूस बाहेर कसा पडेल याची घेतली गेली नव्हती. खटले झाले, पण या मृत्यूंसाठी कोणालाही शिक्षा झाली नाही.

१९/
त्या खेळाला जाण्याचे कार्ल प्रिन्झलर या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने ठरवले होते. कामामुळे त्याचे जाणे राहिले. पुढे हेन्री ड्यूपाँट या अभियंत्याच्या साहाय्याने त्याने दारावर आडवी दांडी असलेली कडी तयार करवली. बाहेरून दार बंद, पण आतून अंगाचा भार पडताच उघडणारे. १९०८ मध्ये ती बाजारात आली. आज चित्रपटगृहाच्या आपत्कालीन दारावर दिसणारी आडवी दांडी हीच. विम्याच्या हिशेबातून जे निसटले होते, ते येथे एका कडीच्या रूपाने भरून काढले गेले.

२०/
सणाच्या आगीने राष्ट्राध्यक्षांचे घरही सोडले नाही. २४ डिसेंबर १९२९ च्या रात्री व्हाइट हाउसच्या पश्चिम कक्षात आग लागली. राष्ट्राध्यक्ष हूव्हर त्या वेळी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी आयोजित नाताळच्या भोजनात होते. ते उठून आगीकडे गेले. त्यांच्या पत्नीने मुलांचा समारंभ चालू ठेवला आणि वाद्यवृंद वाजत राहिला. पुढच्या वर्षी त्याच मुलांना बोलावून भेट दिली ती खेळण्यातल्या आगीच्या बंबांची. येथे झाडाचा वा मेणबत्तीचा काही संबंध नव्हता; माळ्यावर कागदपत्रांचे ढीग होते आणि दोष धुराड्याकडे दाखवला गेला.

२१/
आग हा एक धोका. रिकामे घर हा दुसरा. सणाला माणसे गावी जातात आणि मागे कुलूप राहते. १९४१ मध्ये इंग्लंडात ‘हॅरिस विरुद्ध पोलंड’ हा खटला चालला. घर सोडून जाताना चोरीच्या भयाने हॅरिसबाईंनी आपले दागिने वर्तमानपत्रात गुंडाळून शेगडीत, कोळशाखाली लपवले. परतल्यावर त्या ते विसरल्या आणि त्यांनी शेगडी पेटवली. दागिने जळाले. विमा कंपनीच्या बाजूने युक्तिवाद झाला की, आग शेगडीतच होती, म्हणजे मित्र आग.

२२/
न्यायमूर्ती अ‍ॅटकिन्सन यांनी तो युक्तिवाद फेटाळला. त्यांच्या मते आग जागा सोडून वस्तूकडे गेली काय किंवा वस्तू चुकून आगीत पडली काय, मालकाच्या दृष्टीने नुकसान अपघाती आगीचेच होते. भरपाई मंजूर झाली. ऑस्टिनच्या खटल्यानंतर सव्वाशे वर्षांनी प्रश्नाचा रोख बदलला होता. आग कोठे होती, यापेक्षा नुकसान अनपेक्षित होते की नाही, हे महत्त्वाचे ठरले. चोरापासून जपलेला ऐवज स्वतःच्याच हाताने जाळणाऱ्या बाईचा विसराळूपणाही विम्याच्या छत्राखाली आला.

२३/
कुलूपबंद घराबाबत मात्र विमापत्र कठोरच राहिले. न्यूयॉर्क राज्याच्या १८८६ च्या प्रमाणित अग्निविमापत्रात घर सलग दहा दिवस रिकामे राहिले तर संरक्षण संपेल असे कलम होते. १९४३ च्या सुधारित नमुन्यात ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढली. कलमामागचा तर्क स्पष्ट आहे. वस्ती असलेल्या घरात धूर कोणालातरी दिसतो, गळका नळ कोणीतरी बंद करतो, अनोळखी माणसाला कोणीतरी हटकतो. विमा कंपनी भिंतींइतकाच या ‘कोणीतरी’चाही हिशेब धरत होती.

२४/
हे कलम भारतातही आले. येथे दीर्घकाळ प्रचलित असलेल्या प्रमाणित अग्नि व विशेष जोखीम विमापत्रात घर ३० दिवसांहून अधिक काळ रिकामे राहिल्यास संरक्षण थांबेल, अशी अट होती. ते चालू ठेवायचे तर कंपनीची पूर्वसंमती आवश्यक. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ हे सोपे, प्रमाणित विमापत्र देणे सर्वसाधारण विमा कंपन्यांना बंधनकारक झाले. त्यात इमारतीबरोबर घरातील सामानालाही ठरावीक मर्यादेपर्यंत आपोआप संरक्षण मिळते. फक्त सामानाचा विमा उतरवण्याची सोयही त्यात आहे. म्हणजे शिकागो-न्यूयॉर्कच्या भाडेकरूला जे मिळाले नव्हते, ते येथील भाडेकरूला घेता येते.

२५/
दिवाळीत दारात पणत्या, वर आकाशकंदील, गॅलरीत दिव्यांची माळ आणि चार दिवसांसाठी गावी निघालेले शेजारी, हे चित्र पाहिले की साडेतीन शतकांतील सगळी कलमे एकाच जिन्यावर भेटतात. वातीवरची ज्योत ही ऑस्टिनची मित्र आग आहे, माळेची वायर मेरिलच्या टेबलावरची आहे, शेजाऱ्यांच्या कपाटातील दागिन्यांत हॅरिसबाईंची धास्ती आहे. आणि जिन्यात रचून ठेवलेले जुने सामान, पायऱ्यांवर उभ्या सायकली यांचा हिशेब कोणत्याही विमापत्रात नाही. तो इरोक्वॉयच्या कुलूपबंद दारांचा हिशेब आहे. विमा घर पुन्हा बांधून देतो. जिना मोकळा ठेवण्याचे काम मात्र घरात असलेल्या माणसांनाच करावे लागते.